वणीनंतरचं स्टेशन

१

हिरासिंग राठोड उठायचा पहाटे पाचलाच. म्हशीचं दूध, आंघोळ, चहा हे सगळं अंधारातच उरकायचं. पण त्याच्या लेखी दिवस उजाडायचा तो सकाळी सातला, परसातल्या टिनाच्या खोलीत सेटसमोर खुर्ची ओढून बसला की.

बोरी अरबपासून दोनेक किलोमीटरवर, तूर आणि कपाशीच्या मधोमध त्यांचा बंजारा तांडा. टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबांवर चढून हिरासिंग निवृत्त झाला होता. खांब सुटले, पण तारेचा नाद सुटला नाही. नोकरीत असतानाच त्यानं परीक्षा देऊन हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला, जुना सेट मिळवला आणि कडुनिंबाच्या शेंड्यापासून विहिरीजवळच्या लाकडी बल्लीपर्यंत अँटेनाची तार ताणली. जिल्ह्यात असे सहा-सात जण होते. रोज सकाळी सात वाजता सगळे एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमायचे. यवतमाळचा कपिल हजेरी घ्यायचा. हा कॉलेजात शिकवणारा पस्तिशीतला मास्तर. तो एकेकाचं कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, पुकारायचा, ज्याचं त्यानं हजर म्हणायचं, आवाज कसा येतो ते सांगायचं, पाऊसपाणी, तब्येत, आणि शेवटी "सत्तरतीन". रेडिओवाल्यांच्या बोलीत सत्तरतीन म्हणजे रामराम.

रुपीबाई, त्याची बायको, त्या खोलीत पाऊल टाकत नसे. चौदा महिने झाले होते. त्याआधी ती निदान चहा आणून द्यायची.

चौदा महिन्यांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक ममता वणीला तापानं गेली. चार दिवसांचा ताप. अठ्ठावीस वर्षांची होती. बापाच्या मांडीवर बसून रेडिओ शिकली होती, एकोणिसाव्या वर्षी तिनं स्वतःचा परवाना काढला होता. बापाच्या स्टेशनची वेबसाइटही तिनंच बनवली होती. कडुनिंबाचा फोटो, सेटचा फोटो, आणि खाली 'माझे बाबा' म्हणून चार ओळी.

ती वेबसाइट तिच्या मागेही तशीच चालू होती. हिरासिंग ती उघडत नसे.

२

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. एका सकाळी हजेरी संपल्यावर कपिलचा फोन आला.

"काका, एक विचारू का? राग नोका मानू. आपली साखळी हाय न वेबसाइटची, तिच्यात तुमचं नाव अडीच वर्षांपासून अडकून हाय."

"कोणती साखळी?"

कपिलनं समजावून सांगितलं. जिल्ह्यातल्या सगळ्या रेडिओवाल्यांच्या वेबसाइटी एकमेकींना जोडलेल्या. प्रत्येक पानाच्या तळाशी एक पट्टी, तिच्यावर दोन बटणं: 'मागचं स्टेशन' आणि 'पुढचं स्टेशन'. पुढचं, पुढचं करत गेलं की यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, पांढरकवडा, वणी असा फेरा करून माणूस परत यवतमाळला येतो.

"ममताताईनं तुमच्या नावानं अर्ज भरून ठेवला होता," कपिल हळूच म्हणाला. "पट्टीही तुमच्या पानावर लावून ठेवली होती. फक्त तुमची हो राह्यली होती. मेल आला असन पाहा."

हिरासिंगनं लॅपटॉप उघडला. शोधावं लागलं. अडीच वर्षांपूर्वीचं पत्र. 'आपली संमती बाकी आहे.' खाली एक निळं बटण. लेकीनं मागितलेली एक गोष्ट आपण अडीच वर्षं दिली नाही, हे त्याला त्या बटणाकडे पाहताना कळलं. त्यानं ते दाबलं.

मग त्यानं स्वतःचं पान उघडून फेरा मारून पाहिला. पुढचं स्टेशन: यवतमाळ. पुढचं: पुसद. उमरखेड. दिग्रस. पांढरकवडा. वणी, म्हणजे कोळसा खाणीतून निवृत्त झालेला फुलचंद. आणि वणीनंतर पुन्हा कडुनिंबाचा फोटो, 'माझे बाबा'. सात स्टेशनं. साखळी पुरी झाली. त्याला बरं वाटलं, आणि लगेच रडूही आलं.

३

दुसऱ्या दिवसापासून कपिल साखळीच्या क्रमानंच हजेरी घेऊ लागला.

पुसद झालं, उमरखेड झालं. पांढरकवड्याचा आवाज नेहमीसारखा बुडबुडत आला. वणीहून फुलचंद म्हणाला, थंडी पडली, गुडघे धरले, सत्तरतीन. आता आपली पाळी म्हणून हिरासिंगनं माइक हातात घेतला.

कपिल काही बोललाच नाही.

सेटमधून नुसती खरखर येत राहिली. पाच सेकंद, दहा. मग कपिलचा आवाज आला. "धन्यवाद. आवाज बारीक हाय, पण समजते. कॉल साइन परत एकदा सांगा." पुन्हा खरखर. पुन्हा दहा सेकंद. "ठीक आहे. अर्धच समजलं. आता बोरी अरब, हिरासिंगकाका."

हिरासिंगनं हजेरी दिली. संपल्यावर त्यानं फोन लावला.

"मधात कोण होतं रे? वणीनंतर?"

"नवीन दिसते कोणी. बाईचा आवाज होता. काहून, तुमाले नाई आला?"

"नाई."

"फुलचंदकाकाले आला. पुसदलेही आला."

हिरासिंगनं सेट तपासला, तारेचा जोड पाहिला. सगळं ठाक होतं. मग त्यानं स्वतःला समजावलं. रेडिओच्या लहरी वर आभाळात जातात आणि दूर कुठंतरी उतरतात. मधला एक पट्टा कोरडाच राहतो. त्या पट्ट्यात बसलेल्याला शेजारचं स्टेशन ऐकू येत नाही आणि शंभर कोसांवरचं येतं. हे तर त्यानंच ममताला शिकवलं होतं. म्हणजे आज आपण कोरड्यात.

पण दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि तिसऱ्याही. वणी संपायचं, कपिल थांबायचा, कोणाचं तरी ऐकून घ्यायचा, "धन्यवाद" म्हणायचा. त्या शांततेत बसून राहणं हिरासिंगला जड जाऊ लागलं. लग्नघरात सगळे एका माणसाकडे तोंड करून हसताहेत आणि तो माणूस आपल्यालाच दिसत नाही, असं.

चौथ्या दिवशी फुलचंदनं फोन केला. तो फोन एरवी करत नसे.

"हिरासिंग, साखळीत माह्यानंतर कोण हाय?"

"मीच हावो न."

"मी बटण दाबतो तं तुयं पान नाई येत भाऊ. मधात एक पान येते. पांढरं फट. काईच लिहेल नाई. खाली पट्टी तेवढी हाय. तिथून पुढं दाबलं की मंग तू."

हिरासिंगनं फोन कानाला धरूनच लॅपटॉपवर वणीचं पान उघडलं आणि बटण दाबलं. कडुनिंब. मागे गेला, पुन्हा दाबलं. कडुनिंब.

"मले तं नाई दिसत," तो म्हणाला.

फुलचंदनं तिकडे पुन्हा एकदा बटण दाबलं, त्याची टिकटिक आली. मग म्हणाला, "तुले आवाजही नाई येत म्हणे."

४

पुढच्या सोमवारी हिरासिंग पहिल्या एसटीनं यवतमाळला गेला. रुपीबाईला सांगितलं, डोळे दाखवायला जातो.

कपिलचा सेट घराच्या गच्चीवरच्या खोलीत होता. खाली रस्त्यावर दूधवाले, ऑटो, कुठंतरी शाळेची घंटा. कपिलची बायको सुरभी चहा घेऊन वर आली आणि हजेरी ऐकायला दारातच थांबली. तिला रेडिओतलं काही कळत नसे.

वणी झालं. कपिलनं बोट वर केलं, आता.

हिरासिंग स्पीकरला कान लावून बसला. खरखर. नुसती कोरडी खरखर, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या ओढून नेताना होते तशी. त्यानं डोळे उघडले तर कपिल मान तिरपी करून ऐकत होता, आणि दारातली सुरभी चहाचा ट्रे तसाच धरून स्पीकरकडे पाहत होती. तिचे ओठ जरा उघडे होते.

"आलं काही?" हिरासिंगनं विचारलं.

"बाई बोलून राह्यली न काका," सुरभी म्हणाली. "आताच तं बोलली. बाबा म्हणे."

कपिलनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं की आपण बोलायला नको होतं. ती ट्रे ठेवून खाली गेली.

लहरींचं गणित तिथं संपलं. एका खोलीत, एका स्पीकरसमोर तिघं माणसं होती. कोरडा पट्टा इतका अरुंद नसतो.

"काय म्हंते ती?" हिरासिंगनं विचारलं. "पुरं सांग."

कपिल माइकच्या वायरशी चाळा करत राहिला. "पह्यल्या दिवसापासून एकच म्हंते. बाबा, ऐकू येते का. अन् मंग सत्तरतीन."

"आवाज कोणाचा हाय?"

"काका, आवाज बारीक हाय. खात्रीनं कसं…"

"कपिल."

"ताईसारखा हाय," कपिल म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी म्हटलं, कोणी तरी टवाळ जुनं रेकॉर्डिंग लावून राह्यलं. शोधतो अन् परवाना रद्द करवतो त्याचा. म्हणून तुमाले नाई सांगतलं."

बाबा, ऐकू येते का. हे वाक्य हिरासिंगला पाठ होतं. आणखी कोणाला ते तसं पाठ असणं शक्य नव्हतं.

ममतानं वणीच्या एका मुलाशी, नयनशी, नोंदणी लग्न केलं होतं. मुलगा जातीबाहेरचा. तांड्यात चार लोक चार गोष्टी बोलले, आणि हिरासिंगनं लेकीशी बोलणं टाकलं. परवाना मिळाला तेव्हा त्यानंच दिलेला छोटा सेट ती वणीला घेऊन गेली होती. रोज सकाळी ती हजेरीला यायची. आपली पाळी झाली की शेवटी म्हणायची, "बाबा, ऐकू येते का? सत्तरतीन." सगळा जिल्हा ऐकायचा. मग हिरासिंगची पाळी यायची आणि तो कपिलला हजेरी द्यायचा, पुसदला रामराम करायचा, फुलचंदच्या गुडघ्याची चौकशी करायचा. लेकीचं नाव घ्यायचा नाही. अकरा महिने असं चाललं. मग चार दिवस तिचं स्टेशन आलं नाही, आणि त्याला वाटलं, बरं झालं, थकली. पाचव्या दिवशी नयनचा फोन आला.

एसटी स्टँडवर बसून हिरासिंगनं नयनला फोन लावला. लग्नानंतर त्यानं आपणहून केलेला हा पहिला फोन.

"ममताचा सेट कुठं हाय?"

"कपाटात हाय बाबा," नयन घाबरून म्हणाला. "तिच्या साडीत गुंडाळून ठेवला. बॅटरी काढून ठेवली तेव्हाच. पाहिजे का तुमाले? आणून देऊ?"

"नाई," हिरासिंग म्हणाला. "राहू दे." जरा थांबून त्यानं विचारलं, "जेवला का?"

५

त्यानंतर तो ऐकू न येणाऱ्या आवाजाला उत्तर देऊ लागला.

वणी झालं, कपिल थांबला, की हिरासिंग मनात दहा मोजायचा आणि माइक दाबून म्हणायचा, "ममता, बाबा बोलतो. माह्यं चुकलं. तुयाशी बोललो नाई, माह्यं चुकलं." पुसद, उमरखेड, सगळी म्हातारी माणसं आपापल्या खोलीत माना खाली घालून बसत असतील. मग कपिल जड आवाजात बोरी अरबचं नाव घ्यायचा.

आठव्या दिवशी वणीनंतर कपिल थांबलाच नाही. सरळ म्हणाला, "बोरी अरब."

फोनवर त्यानं सांगितलं, "आज आली नाई काका. फुलचंदकाकाच्या इथं ते पानही गेलं. सरळ तुमचं येते आता." त्याच्या आवाजात सुटल्याचा भाव होता, आणि त्याचा हिरासिंगला राग आला.

त्यानं फोन ठेवला. खोलीत कोवळं ऊन आलं होतं. बाहेर रुपीबाई वेचणीच्या बायांना हाका मारत होती. सेट बंद करायला त्यानं हात पुढे केला.

"बाबा."

बारीक, पण स्वच्छ. शेवटचा 'बा' जरा लांबवलेला, तिची लहानपणापासूनची सवय.

"बाबा, ऐकू येते का?"

हिरासिंगनं माइक उचलला, दोन्ही हातांनी धरला. "येते," तो म्हणाला. "येते बाई. ऐकू येते."

त्या दिवशी तो दुपारपर्यंत बोलत होता.

मग रोजच असं होऊ लागलं. हजेरी संपायची, बाकीचे निघून जायचे, आणि ती यायची. ती फार बोलत नसे. तो विचारायचा, तब्येत बरी हाय न? खरखर यायची. दुसऱ्या दिवशी ती विचारायची, "तब्येत बरी हाय न?" त्यानं विचारलं, कुठं हायेस? दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "कुठं हायेस?" त्याच सुरात, 'कुठं'वर तसाच जोर देऊन. हिरासिंग सांगायचा, इथंच हावो, आपल्या खोलीत, कडुनिंबाखाली. माइक हातात आला की रेडिओच्या सवयीनं तो मराठीतच बोलायचा, आणि तीही.

कधी कधी रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या ध्यानात यायचं, की या लेकीनं आजवर एकही गोष्ट अशी सांगितली नाही, जी आधी कोणी माइकमध्ये बोललं नव्हतं. तो कूस बदलायचा. तारेवरून बोलणारं माणूस एवढंच बोलू शकत असेल, तो म्हणायचा. आपण तरी अकरा महिने काय बोललो होतो?

ते पानही आता त्याला दिसू लागलं. वणीचं बटण दाबलं की पांढरं पान यायचं, पण ते आता कोरं नव्हतं.

ममता, बाबा बोलतो.
माह्यं चुकलं.
तुयाशी बोललो नाई, माह्यं चुकलं.
येते बाई. ऐकू येते.

रोज त्यात आदल्या दिवसाच्या ओळी वाढलेल्या असायच्या. सगळ्या त्याच्याच. हिरासिंगनं ते वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडला. रेडिओवाल्यानं आपलं प्रत्येक बोलणं वहीत उतरवून ठेवावं, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. पोर अजूनही बापाचं बोलणं उतरवून ठेवत होती.

पानाच्या तळाशी पट्टी होती. 'मागचं स्टेशन' दाबलं की कडुनिंबाचा फोटो यायचा. 'पुढचं स्टेशन' दाबलं तरी कडुनिंबाचाच.

त्यानं कपिलला काही सांगितलं नाही. सकाळच्या हजेरीतही तो दोन शब्द बोलून मोकळा व्हायचा, बाकीचे कधी आटोपतात याची वाट पाहायचा. कापूस बोंडातून लोंबायला लागला, रुपीबाई एकटी शेतात. त्याचं ताट झाकून ठेवलेलं तसंच राहायचं. गालफडं बसली.

६

एका दुपारी बारा-साडेबाराला खोलीचं दार उघडलं.

रुपीबाई आत आली. अंगावर शेतातली धूळ, ओच्यात कापसाची बोंडं तशीच. चौदा-पंधरा महिन्यांनी ती या खोलीत येत होती. तिनं भिंतीकडे पाहिलं, ममताच्या परवान्याची चौकट होती तिकडे, आणि मग नवऱ्याकडे.

घरात दोघं गोरबोलीतच बोलत. तांड्यात सगळ्यांचीच ती बोली. तिनं विचारलं, "कोणाशी बोलता?"

हिरासिंग खोटं बोलू शकला नाही. पहिल्यापासून सगळं सांगितलं. निळं बटण, वणीनंतरची शांतता, यवतमाळची गच्ची, पांढरं पान. रुपीबाई उभ्यानंच ऐकत होती. तो 'बाबा, ऐकू येते का' या वाक्याशी आला तेव्हा ती स्टूल ओढून बसली.

"आता हाय?"

"हाय. आताच बोलत होती."

रुपीबाईनं सेटकडे कान केला. बराच वेळ ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरून हिरासिंगला कळलं की तिला खरखरच ऐकू येतेय. ती हालत नव्हती. आपण त्या गच्चीवर कसे दिसत असू, ते त्याला त्या घटकेला दिसलं.

"मले द्या," ती म्हणाली.

तिनं माइक कधी हातात धरला नव्हता. परवाना नसलेल्यानं बोलू नये, हा नियम हिरासिंगनं इतक्या वर्षांत मोडला नव्हता. त्यानं माइक तिच्या हातात दिला आणि तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला. सेटवरचा लाल दिवा लागला. म्हणजे आता इथलं तिकडे जात होतं.

रुपीबाई बोलली. तांड्यावर आई लेकीशी बोलते तशी, गोरबोलीत. तुझी याडी बोलते म्हणाली. याडी म्हणजे आई. ममताच्या तोंडून निघालेला पहिला शब्द तोच होता. मराठी तर ती शाळेत गेल्यावर शिकली. रुपीबाईनं विचारलं, तिकडे थंडी आहे का, केसांना तेल लावतेस का. शेवटचं तोंड पाहायला मला वेळेत पोचता आलं नाही, एसटी चुकली, रागावली नाहीस ना. आणि मग म्हणाली, बापाला आता सोड बाई. तो जेवत नाही. मी इकडे एकटी पडले.

हिरासिंगनं हळूच तिचा अंगठा उचलला. लाल दिवा विझला.

खरखर. बाहेर विहिरीवर कोणीतरी बादली टाकली, तिचा आवाज आला. मग स्पीकरमधून ममताचा आवाज आला, स्वच्छ, शांत, हजेरीत परक्या माणसाशी बोलावं तसा.

"मधात कोणतं स्टेशन आलं? भाषा समजली नाई. परत सांगा."



तो स्पीकरच्या जाळीकडे पाहत राहिला. भाषा समजली नाई. चौदा महिन्यांचं रडणं, माफी, कडुनिंबाखालच्या गोष्टी, सगळं तो कोणाला सांगत बसला होता? त्या पांढऱ्या पानावर कोण लिहून घेत होतं, आणि कशासाठी? ममता मेल्यानंतर इतक्या दिवसांत तिच्या मरणाची त्याला आत्ता, या दुपारी, पहिल्यांदा पुरती खात्री पटली. ती कुठंच नव्हती.

"काय म्हणाली?" रुपीबाईनं विचारलं.

तिनं माइक छातीशी घट्ट धरला होता. उन्हात रापलेला तो चेहरा लहान पोरीसारखा वर झाला होता. चौदा महिन्यांत हिरासिंगनं तिला असं काही मागताना पाहिलं नव्हतं.

त्याला सांगता आलं नाही. तो गोरबोलीत म्हणाला, "म्हंते, याडी, मी बरी हावो. म्हंते, याडी, नोको रडू. मी रागावली नाई तुयावर, याडी."

रुपीबाईनं डोळे मिटले. तिच्या गालांवरून धुळीत दोन वाटा झाल्या.

तेव्हा हिरासिंगचं लक्ष सेटकडे गेलं. लाल दिवा लागलेला होता. माइक छातीशी आवळताना तिचा अंगठा पुन्हा बटणावर पडला होता. तो बोललेलं सगळं तिकडे गेलं होतं.

त्यानं तिचा हात धरला, बोट बाजूला केलं. दिवा विझला. सेट बंद करायला तो वाकला, पण त्याआधी खरखर थांबली. पूर्ण थांबली, जशी ती कधीच थांबत नाही.

"या," स्पीकर म्हणाला.

रुपीबाईनं डोळे उघडले.

"या… डी." नव्या शब्दाची चव घेत असल्यासारखं, अडखळत. "याडी."

"ऐकू आली!" रुपीबाई ओरडली. "मले ऐकू आली! माही पोरगी बोलली!" हिरासिंगचा हात बटणाशी पोचला होता. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, नखं रुतेपर्यंत, आणि स्टूल ओढत सेटच्या अगदी जवळ गेली. तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. ती ऐकत नव्हती. तिचा अंगठा आता आपणहून बटणावर गेला.

"आणखी एकदा म्हण," ती आपल्या बोलीत म्हणाली. "बाई, आणखी एकदा."

तिनं बटण सोडलं. दोघं वाट पाहत राहिली, ती हसत, तो तिच्याकडे पाहत.

मग तो शब्द पुन्हा आला, आणि या वेळी तो अगदी ममतासारखा आला.